डावीकडचा प्रकाश

१५ जानेवारी
मेलेल्या माणसाची खुर्ची मिळालेल्या तमाम बांधवांनो, आपलं दुःख एकच. काम आपण करायचं आणि लोकांनी म्हणायचं, आधीचे किती छान करायचे. (वाचायला कोणी नाही. पण युनियनची भाषणं वीस वर्षं केली, सवय जात नाही.)
एबिसावा शरद ऋतूत गेला. त्याची खुर्ची आणि त्याचा फाटा माझ्याकडे आला. फाटा म्हणजे काचेच्या चिपमधली प्रकाशाची वाट. एक वाट आत येते, वळते, मग दोन होतात. दोन्हीकडे निम्मा-निम्मा प्रकाश जायला हवा. वळण आणि फाटा यांच्यामध्ये एबिसावाने एक लांबलचक सरळ वाट सोडली होती. नुसती रिकामी. मी ती कापली. चिप आखूड झाली. याला म्हणतात क्रांती.
फेब्रुवारीअखेरीला तपासणी. पास झालं की आराखड्यावर 'रचनाकार: तोबिता'. मार्चमध्ये निवृत्ती. आजवर एकाही आराखड्यावर माझं एकट्याचं नाव नाही.

२२ जानेवारी
पहिल्या चिपा आल्या. डावीकडे प्रकाश कमी.
मोजणीवाली कानोमाता म्हणाली, वळल्या वळल्या फाटा आला तर प्रकाश झोकांड्या खातच आत शिरणार. एबिसावासान त्याला सावरायला जागा द्यायचे. मी म्हटलं, प्रकाश म्हणजे दारुडा नव्हे. ती म्हणाली, तोबितासान, वर्षअखेरच्या पार्टीनंतर तुम्हाला वळणावर पाहिलंय मी.
उद्यापासून स्वतः मोजणार.

२३ जानेवारी
स्वतः मोजलं. डावीकडे कमी.
एबिसावा डावखुरा होता. सहज आठवलं.

३० जानेवारी
चिप उलटी करून बसवली, एबिसावाला चकवायला. आता उजवीकडे कमी. म्हणजे त्याच्या लक्षात आलं. जिवंतपणी इतका चलाख नव्हता.
आमचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्यातून पाहावं तेव्हा पडद्यावर दोन पांढरे ठिपके. त्यातला एक मिणमिणता. कोणीतरी पलीकडून हात धरल्यासारखा. हा धंदाच मुळात भुतांचा.

५ फेब्रुवारी
नव्या चिपा. वाटेची रुंदी बदलली, फाट्याचा कोन बदलला, टोक धारदार केलं. सरळ वाट सोडून सगळं बदललं. तत्त्वाला मुरड नाही. मिणमिणता ठिपका आणखी मिणमिणला.
जेवणाच्या सुट्टीत खोलीत एकटाच होतो. खुर्ची करकरली. मी उभा होतो. आणि वाळवलेलं रताळं भाजल्याचा वास आला. एबिसावा हिवाळाभर तेच खायचा. चौकशी केली. कानोमाता पलीकडे भाजत होती. पण तिला ते आजच का सुचावं?

८ फेब्रुवारी
आज मोडक्या सुयांचं श्राद्ध, इथली जुनी रीत. शिंपी लोक सुया मऊ तोफूत खुपसून त्यांचे आभार मानतात. आम्ही काचतंतूंचे तुटके तुकडे खुपसतो. मी हळूच माझ्या सगळ्या चिपाही खोचल्या. हात जोडले. म्हटलं, एबिसावा, पुरे.
साहेबीण इसोझाकी मागे उभ्या. विचारलं, तोबितासान, विभागच पुरायचा आहे का?

९ फेब्रुवारी
खरं तर एक चिप राखून ठेवली होती. मोजली. फरक नाही.

१६ फेब्रुवारी
ठरलं. मृताला त्याचा वाटा द्यायचा. वळण आणि फाटा यांच्यामध्ये थोडी सरळ वाट सोडली, नैवेद्य म्हणून. त्याला नाकासमोर चालता येईल. थोडी कमी वाटली, वाढवली. मग पुन्हा वाढवली. देताना हात आखडू नये.
याचा कानोमाताच्या म्हणण्याशी संबंध नाही. तिला तसं बजावलं. ती म्हणाली, नाही ना, मुळीच नाही, आणि पाठ फिरवून बराच वेळ खोकली.

२४ फेब्रुवारी
निम्मा-निम्मा. दोन ठिपके, जुळ्या भावांसारखे.
आनंद व्हायला हवा. जेवणाच्या सुट्टीत खोलीत बसून राहिलो. खुर्ची करकरली नाही. वास नाही. बाहेर समुद्राचा वारा होता, तोही आत आला नाही. इतकी रिकामी खोली मी पाहिली नव्हती.

२७ फेब्रुवारी
तपासणी. इसोझाकीबाईंनी दिव्याच्या काचेवर एबिसावाचा आराखडा ठेवला, त्यावर माझा. दोन कागद, रेघ एकच. बाई म्हणाल्या, हा त्यांचाच आहे, तोबितासान. नाव तेच राहू दे.
मी सगळं सांगितलं. डावा हात, उलटी चिप, नैवेद्य. ही वाट मी सोडली ती त्याच्यासाठी, त्याची नक्कल म्हणून नव्हे. युनियनच्या सभेत बोलायचो तसा बोललो. कोणी हसलं नाही. कानोमातासुद्धा. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, थंड होतोय, प्या. त्या आवाजात टोमणा नव्हता, तेव्हा मी घाबरलो.
खुर्चीवर येऊन बसलोय. तो नव्हताच असं म्हणायचं, तर जानेवारीत तो प्रकाश कोणी घालवला?
एबिसावा, उद्या सकाळी कानोमाता शेवटची मोजणी करणार आहे. तेवढ्यापुरता ये, आणि डावीकडचा थोडा प्रकाश उचलून ने.