ड्रॉ चालणार नाही

रुवैस, अबू धाबी
शुक्रवार, २६ ऑगस्ट १९९४

प्रिय रामेश्वर,

तुझं पत्र मिळालं. बारा ओळींचं. तालमीच्या फळ्यावर तू टीम लिहायचास तेव्हाही हात असाच आखडता असायचा. अकरा नावं, खाली कॅप्टन म्हणून तुझी सही, की झालं. तू एवढंच विचारलंयस, की गणूची पेटी कोल्हापूरला आली, त्याला शेवटची आंघोळ घातली, तेव्हा उजवा गुडघा ताजा सोललेला होता आणि पोटऱ्यांवर मोज्यांचे वळ होते. मग कंपनीच्या कागदावर 'कॅम्पात झोपेत हृदय बंद पडले' असं कसं? झोपेत कुणाचा गुडघा फुटतो का? प्रश्न रास्त आहे. हाच प्रश्न तू अबू धाबीच्या एम्बसीलाही अर्ज करून विचारलास, हे मला इथे परस्पर कळलं. म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून सविस्तर लिहायला बसलोय. पाठच्या भावाचं काय झालं हे थोरल्याला कळायलाच हवं. तुझ्यापासून मी काही लपवणार नाही.

आमच्या साहेबापासून सुरुवात करतो. माणूस टेक्सासचा, मांडवाच्या खांबाएवढा उंच, मनाने वाईट नाही. यंदाचा वर्ल्ड कप त्यांच्याच देशात होता आणि मेसमध्ये आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो, तर हा टीव्हीकडे पाठ करून बेसबॉलचे आकडे वाचत बसायचा. फुटबॉल हे नावही त्यांनी दुसऱ्याच खेळाला देऊन टाकलंय, तो हाताने खेळतात. आपल्या खेळाला ते म्हणतात सॉकर, तेही पडसं झाल्यासारख्या आवाजात. साहेबाचं म्हणणं, दीड तास बावीस माणसं पळतात आणि शेवटी शून्य-शून्य. असला खेळ अमेरिकन माणूस सात जन्मांत बघायचा नाही. ड्रॉ म्हणजे सख्ख्या बहिणीचा मुका घेणं, असं त्यांच्यात म्हणतात म्हणे. मला ऐकून कसंतरीच झालं, पण हसलो. साहेब हसला की हसायचं, हा माझ्या पर्सोनेलच्या नोकरीतला अर्धा भाग आहे. फायनलसुद्धा शून्य-शून्यच सुटली, पेनल्टीवर निकाल लागला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाने भर ऑफिसात माझी टोपी उडवली. मग मीही पेटलो. म्हटलं, साहेब, तुम्ही अजून फुटबॉल बघितलाच नाही. आमच्या गावात दोन पेठांची मॅच असली की दुकानं बंद होतात, माणसं झाडावर चढून बघतात. माझी पोरं खेळताना बघा, मग बोला.

माझी पोरं, असं म्हणालो मी. तुला खटकेल. पण सात सीझन तू मला बाकावर बसवलंस, रामेश्वर. लिंबं कापायला, बूट राखायला आणि कुणाला लागलं तर बर्फ चोळायला राजन. एकदा तरी शेवटची पाच मिनिटं उतरवशील म्हणून मी आत जर्सी घालून बसायचो. तू बघायचासही नाहीस. मला त्याचा राग होता आणि अजून आहे, खोटं कशाला बोलू? पेठेतली चौदा पोरं मी इथे नोकरीला आणली, त्यात तू स्वतः माझ्या दारात येऊन गणूसाठी शब्द टाकलास, तेव्हा मला फार बरं वाटलं. इथल्या टीमची नावं मी लिहितो.

तर आम्हाला काम देणाऱ्या तेल कंपनीच्या हेड ऑफिसमधून पाच बडे लोक ह्यूस्टनहून आले. आमच्या कंपनीला इथलं पुढचं काम द्यायचं की नाही, हे ठरवायला. शुक्रवारी नमाजानंतर ते मोकळे होते आणि पावणेचारला त्यांच्या गाड्या अबू धाबीला निघणार होत्या. साहेबाने मला बोलावलं, म्हणाला, राजन हबीबी, दीड वाजल्यापासूनचा वेळ तुझा, ह्या पाच जणांना सॉकर आवडायला लावून दाखव, यल्ला, म्हणजे चल लाग. मी कामाला लागलो. गोल कमी पडतात ही त्यांची तक्रार, म्हणून गुरुवारी आपल्याच वेल्डरांकडून परांचीच्या पाइपांचे नवे गोलपोस्ट करून घेतले, नेहमीपेक्षा दोन फूट रुंद. ऑफसाइड त्यांना समजत नाही, तो काढून टाकला. आणि तिसरा नियम कागदावर टाइप करून दोन्ही टीमना वाटला, की ड्रॉ चालणार नाही. पाहुण्यांसाठी तंबू, दोन मोठे एअर कूलर, आणि बर्फाच्या चार पेट्या. मैदानावर टँकरने खारं पाणी मारून रोलर फिरवला. त्या दिवशी सत्तेचाळीस डिग्री होतं.

सकाळी गणू माझ्याकडे आला होता. आठवडाभर बारा-बारा तासांची रिगिंगची, क्रेनला ओझी बांधायची, ड्युटी झालेली, ओठ फुटलेले. म्हणाला, राजूदा, उन्हं उतरल्यावर खेळूया की, पाचला, मग बघा कसा खेळतोय. मी म्हटलं, पाचला बघणारे नसतील. तर म्हणतो कसा, मग त्यांना म्हणावं पुढच्या टायमाला या. तुमच्या घराण्याची ही मिजास तुम्हालाच ठाऊक! मी फक्त एवढीच आठवण करून दिली, की गणू, तुझा व्हिसा नोव्हेंबरात संपतोय. तो हसला आणि बूट बांधायला गेला. त्या दिवशी माझ्याशी एवढंच बोलला.

समोर मलबारी पोरांची टीम होती. त्यांचा गोलकीपर जहूर, कोझिकोडचा वेल्डर, नव्या पोस्टचं वेल्डिंग त्यानेच केलेलं. पण त्या दोन फुटांचा काही उपयोग झाला नाही, कारण जहूरच्या अंगात त्या दिवशी काय शिरलं होतं कोण जाणे. गणूचे चार शॉट त्याने नुसत्या बोटांनी बाहेर काढले. तू असतास तर उठून उभा राहिला असतास. तंबूत मात्र जांभया सुरू होत्या. एकाने मला विचारलं, स्कोअर काय, मी म्हटलं शून्य-शून्य, त्यावर सगळे खो खो हसले. तासाभराचा खेळ ठरला होता, तो संपला तरी तेच. साहेबाने माझ्याकडे बघितलं. ती नजर तुला नाही कळायची, तुला वर बघायची वेळच कधी आली नाही. मी लाउडस्पीकर घेतला आणि हिंदीत जाहीर केलं, गोल होने तक खेल चालू रहेगा. पोरं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पाणी प्यायला दोन मिनिटं दिली. ड्रममधलं पाणी उन्हाने तापलं होतं, ते कुणी फारसं प्यायलं नाही.

आणखी वीस मिनिटं गेली. आता कुणी पळत नव्हतं, सगळे चालत होते. शेवटी मी जहूरच्या पोस्टमागे जाऊन उभा राहिलो आणि हळूच म्हटलं, खलास कर, अब गणू आया तो साइड हो जा. तोही मेटाकुटीला आलेला, मान हलवली. दोन मिनिटांत गणू आला, जहूर बाजूला झाला, आणि सबंध गोल उघडा. शेंबडं पोरसुद्धा मारेल असा. गणू थांबला. त्याने जहूरकडे बघितलं, मग पोस्टमागे मी दिसलो तसं माझ्याकडे बघितलं. आणि पायाच्या आतल्या बाजूने बॉल अलगद पोस्टच्या बाजूने बाहेर सोडून दिला. मी आयुष्यात इतका कधी चिडलो नव्हतो. त्याने तो गोल मारला असता तर आज तो जिवंत असता, हे एम्बसीला लिहिलंयस का तू? ही सोडलेला गोल न मारण्याची रीत त्याला कुणी शिकवली, ते मी सांगायला नको.

पण गंमत पुढेच आहे. मी तंबूत परत आलो तर त्या पाचातला सगळ्यात म्हातारा, डोक्याला क्लबाची टोपी घातलेला, उठून उभा. मला विचारतो, त्याने मारला का नाही? मला दुसरं काही सुचेना, खरं तेच सांगितलं, की त्याला फुकटचा नको आहे. म्हाताऱ्याने ते बाकीच्या चौघांना सांगितलं. कुणी हसलं नाही. पाचही जण कूलर सोडून उन्हात आले, लाइनीवर उभे राहिले, आणि गणूकडे बॉल गेला की लहान मुलांसारखे ओरडायला लागले. गोल वाढवून, नियम मोडून, बर्फ ठेवून मला जे जमलं नव्हतं ते तिथे आपोआप झालं. टेक्सासचा साहेबही नखं खात होता. त्या दहा मिनिटांत मला इतका आनंद झाला, की ऊन लागतंय हेसुद्धा मी विसरलो.

मग गोल झाला. गणूने मधल्या लाइनीच्या जरा पुढून, डाव्या पायाने, न बघता मारला. जहूर पूर्ण ताणून गेला तरी वरच्या कोपऱ्यात. जुन्या मापाच्या पोस्टातही बसला असता. गणू दोन पावलं पळाला, गुडघ्यावर आपटला आणि उताणा झाला. टीव्हीवर त्यांनी गोल मारणारे असे लोळताना बघितले होते, त्यांना वाटलं हाही तेच करतोय. टाळ्या, शिट्ट्या, म्हाताऱ्याने टोपी वर फेकली. मीही टाळ्या वाजवत होतो. तीन-चार मिनिटं तरी आम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी जहूर चालत त्याच्यापाशी गेला, डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडला, राजन साहब, बदन तवे जैसा है, पसीना नहीं है, बर्फ लाओ. बर्फ दहा पावलांवर होता. पण तेव्हा पाहुणे माझा हात हातात घेऊन बोलत होते, रामेश्वर. ह्यूस्टनची माणसं माझा हात सोडत नव्हती. मी जहूरला खूण केली, की उचलून कंटेनरच्या मागे सावलीत न्या, गाड्या जाऊ द्या. गाड्या जायला बावीस मिनिटं लागली. त्यानंतर मीच त्याला क्लिनिकमध्ये नेलं, माझ्या मांडीवर. वाटेत एकदा त्याने तुझं नाव घेतलं. पाचच्या आत गेला. तो म्हणाला होता पाचला खेळूया, हे मला तिथे बाकावर बसल्यावर आठवलं, आणि मी ढसाढसा रडलो, विश्वास ठेव अथवा नको. नंतर तोंड धुऊन फॉर्म भरला. मॅच साहेबाच्या हुकमाने झाली, असं लिहिलं असतं तर साहेब जाता, आणि साहेबाच्या आधी मी. खोली नंबर चौदा, झोपेत, हे माझ्याच अक्षरात आहे.

आता सगळं तुला कळलं, आणि कळून उपयोग नाही, म्हणूनच सांगितलं. जहूरला मागच्या आठवड्यात घरी पाठवला. एम्बसीत तुझ्या बाजूने बोलायला इथे कुणी उरलेलं नाही. हे पत्र दाखवशील तर मी म्हणेन, माझं अक्षर नव्हे, आणि त्याच दिवशी पेठेतली बाकीची तेरा पोरं विमानात बसतील. त्यांचे व्हिसे माझ्या टेबलावरून जातात. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे त्यांच्या आयांना तू समजावून सांग. सोबतच्या कागदावर सही कर, की गणू झोपेत गेला, कुटुंबाची तक्रार नाही, अर्ज मागे घेतला. आता खरं काम. कंपनीला पुढची पाच वर्षं मिळाली. ह्यूस्टनवाले डिसेंबरात बायकापोरांसह येतायत, खास मॅच बघायला, आणि रोज फॅक्स करून त्या अकरा नंबरवाल्याची, म्हणजे गणूची, चौकशी करतायत. साहेबाने त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुमचा सगळ्यात धाकटा रंगा तेवीसचा झाला असेल. अंगलट गणूसारखीच, आणि डाव्या पायाचा. त्याचा व्हिसा मी काढलाय, ह्याच पाकिटात आहे. सही आणि पासपोर्टासकट रंगा, दोन्ही दहा तारखेच्या आत पोचू देत. त्याला एवढंच समजावून ठेव, की इथे पाहुण्यांपैकी कुणी 'गॅनू' म्हणून हाक मारली, तर मुकाट्याने ओ द्यायची.

तुझाच,
राजन