चौथा रकाना

सोमवार, दि. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिलं तर खोटं विवरण भरल्यासारखं होईल. कराचे फॉर्म भरायची शेवटची तारीख तीस, आणि माझ्या ऑफिसात लोक असे बसलेत की जणू उद्याच तीस आहे. खुर्च्या संपल्या म्हणून काही जण जिन्यात बसतात. ही दाराशी टेबल टाकून नंबर देते, तर लोक नंबर हातात घेऊनही भांडतात. तुझी भावजय गोड बोलून सगळ्यांना गप्प बसवते. मला ते जमत नाही.

बेकरीवाले यंदाही कागद पिठाच्या पोत्यातून घेऊन आले. मी पान उलटलं की ही शिंकते. त्यांना विचारलं, काही बदल? तर म्हणाले, सगळं मागच्या वर्षीप्रमाणेच. मी तसंच भरलं. मग दारापर्यंत गेल्यावर सहज बोलले की हो, जुळं झालं, दोन्ही मुली आहेत! करात सूट मिळवून देणारी दोन माणसं घरात आली आणि गृहस्थांना सांगायचं सुचत नाही. परत खुर्चीत बसवून अर्धा तास सुनावलं, की वर्षभरात माणसाचं काय काय बदलतं, जरा आठवून सांगत जा. टॅक्सीवाले काका मात्र काही लपवत नाहीत. कुत्र्याला अवलंबित म्हणून दाखवता येईल का, हे ते सलग तिसऱ्या वर्षी विचारून गेले.

तुझा फॉर्म नेहमीप्रमाणे भरून सोबत ठेवला आहे. फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव. तुझ्या पाकिटात रोपवाटिकेच्या तेवीस पावत्या निघाल्या. करासाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही. तुझ्या घराला खिडक्या दोन, मग हे जंगल लावलंस कुठे?

लोभ आहेच, तो निदान तीस तारखेपर्यंत पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा


गुरुवार, दि. ७

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून पोट धरून हसले. त्या बेकरीवाल्यांवर इतकं डाफरू नकोस. घरात दोन तान्ही असलेला माणूस तुझ्यापर्यंत बरोबर चपला घालून पोचला हेच खूप झालं. तू वेळेवर जेवतोस ना? टेबलावर कागद आणि कागदावर ताट, हे चालायचं नाही.

जंगल खिडक्यांत मावलं नाही म्हणून जिन्यात गेलं आहे. शेजारीण येता-जाता पानं बाजूला सारते, पण कुरकुर करत नाही.

फॉर्म परत पाठवते आहे, सही न करता. चौथा रकाना बघ. वैवाहिक स्थिती. तिथे तू विधवा असं घातलं आहेस. सहा वर्षं तू ते मला न विचारता घालतोस. यंदा विचार, मग मी सही करते. एवढं एक माझं ऐक.

माया आहेच, ती कुठल्या रकान्यात घालायची ते तू ठरव.

तुझी,
ताई


सोमवार, दि. ११

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला मस्करी करायला हाच आठवडा सापडला का? अगं, तो शब्द मी घालत नाही. संगणक मागच्या वर्षीचं उचलून आपोआप घालतो, मी फक्त पुढे जातो. पुढे गेलो नाही तर तीस तारीख मला गाठेल. शिवाय यात विचारायचं काय? कायद्याने गेल्या वर्षाअखेरची स्थिती लिहायची असते, आणि ती तुलाही ठाऊक आहे, मलाही.

हिला तुझं पत्र दाखवलं तर ती हसली आणि पुढचा नंबर पुकारला. म्हणून भाचीला फोन केला, तर तुझी लेकही हसली आणि आईलाच विचार म्हणाली. घरातल्या बायका एकाच दिवशी इतक्या खूश मी आजवर पाहिल्या नाहीत.

फॉर्म पुन्हा पाठवतोय. कृपा करून सही कर.

कळावे, आणि लवकर कळवावे.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, दि. १५

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

सगळ्यांना विचारलंस, मला सोडून. तेव्हा मीच सांगते.

तुझे भावोजी गेले तेव्हाही तुझा असाच हंगाम चालू होता. तरी तू आलास, दोन आठवडे राहिलास. बँकेचे, विम्याचे, घराचे सगळे फॉर्म तू भरलेस, कारण माझा हात चालत नव्हता. तो शब्द पहिल्यांदा तू लिहिलास, म्हणून मला लिहावा लागला नाही. ते मी जन्मात विसरणार नाही. पण धाकट्या, आता हात चालतो.

ज्यांची रोपवाटिका आहे त्यांच्याशी मी लग्न करते आहे. वय त्रेसष्ट, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. बोलणं कमी, गुडघे मात्र बोलतात. पहिली चार रोपं मी पाणी घालून घालून मारली. पाचवं द्यायला ते तयारच होईनात. म्हणाले, आधी तुमचं घर बघतो, ऊन किती येतं ते बघतो. मग दर आठवड्याला ऊन बघायला येऊ लागले. तुझ्या भाचीने आणि बायकोने चार महिन्यांपूर्वीच मला विचारलं होतं, माझ्या चेहऱ्याला झालंय काय म्हणून. त्यांना तेव्हाच सांगितलं.

अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, सकाळी अकराला नोंदणी कार्यालयात यायचं आहे. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. दुसऱ्या कोणाची मी घेणार नाही.

वाट बघते आहे, ती बघायला लावू नये.

तुझी,
ताई


सोमवार, दि. १८

ती. ताईस,
सा. न.

बातमी कळली. अभिनंदन.

अठ्ठावीस म्हणजे शेवटच्या तारखेच्या आधी दोन दिवस. माझे एकशेदहा फॉर्म बाकी आहेत. लोक माझ्या भरवशावर बसलेत, आणि एकाला जरी उशीर झाला तरी दंड त्याला, बोलणी मला. तुम्ही दहा दिवस पुढची तारीख घ्यावी. इतके दिवस थांबलात, अजून थोडं थांबल्याने काही बिघडत नाही. आणि रकाना कायद्याने बरोबरच होता.

कळावे.

धाकटा


गुरुवार, दि. २१

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ.

तुला सगळ्यांच्या शेवटच्या तारखा पाठ असतात. आम्हा दोघांची ठाऊक आहे का? आम्हालाही नाही. म्हणून तारीख पुढे ढकलत नाही.

तुझा कायदा बरोबर आहे. चौथ्या रकान्यातला तुझा छापील शब्द खोडून तोच शब्द मी माझ्या हाताने लिहिला आहे. गेल्या वर्षापुरता तो खरा आहे. खाली सही केली आहे. तुझं एक काम कमी झालं.

गुरुवारी अकराला आम्ही तिथे असू. तू आला नाहीस तर सही न करता घरी परत येऊ. तुझ्यावर रागावणार नाही, पण मला फार वाईट वाटेल. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
ताई


रविवार, दि. २४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझा फॉर्म आला. तो शब्द तुझ्या अक्षरात बघितला आणि ऑफिसात बसल्या जागी मला रडू फुटलं. समोर एक नृत्यशिक्षिका फॉर्म भरून घ्यायला बसल्या होत्या. त्यांना वाटलं त्यांचाच कर भयंकर निघाला, त्याही रडायला लागल्या. हिने आम्हा दोघांना पाणी दिलं आणि पुढच्या माणसाला थोडं थांबायला सांगितलं.

ताई, अडचण तीस तारखेची नव्हती. भावोजींनी मला पहिलं टेबल स्वतः रंगवून दिलं होतं, आणि पहिला फॉर्मही स्वतःचाच भरायला दिला, चुकला तरी चालेल म्हणाले. चुकलाच. दंड त्यांनी हसत भरला. तुझ्या फॉर्मवर तो शब्द आहे तोवर तेही कुठेतरी नोंदीत आहेत, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. तुझं दुःख मी सहा वर्षं माझ्या सोयीसाठी चालू ठेवलं. मला क्षमा कर.

बुधवार, गुरुवार ऑफिस बंद राहील अशी पाटी दारावर लावली. बहिणीचं लग्न, असं कारणही लिहिलं. लोक अंगावर येतील असं वाटलं होतं, पण ज्यांचे कागद आले नव्हते ते आपणहून धावत घेऊन आले. शुक्रवारी मी बारा तास बसेन आणि शनिवारी जमेल तेवढे. तिकिटांच्या मागे लागलो तर कळलं की हिने ती महिन्यापूर्वीच काढून ठेवली आहेत. मला कोणी काही सांगत नाही, आणि का सांगत नाहीत तेही मला आता समजलं आहे.

पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं ते आता विचारतो. तू आनंदात आहेस ना? उत्तर टपालाने पाठवू नकोस. बुधवारी संध्याकाळी आम्ही पोचतो. तू दार उघडशील तेव्हा मीच बघून घेईन.

आशीर्वाद असू द्यावा. नव्या भावोजींना माझा नमस्कार सांगावा.

तुझा,
धाकटा