फौजदाराने मारलेले नऊ ससे

नोएडा,
१८ जानेवारी

आदरणीय खंडेराव दाजी यांस,

काशीनाथचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा, रमाक्काचा खोकला आणि तुम्हा दोघांची रोजची वादावादी आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडे थंडी आहे, आणि हवा अशी की समोरचा टॉवर सकाळी दहानंतर उगवतो. फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला "हो हो, तूर बरी आहे" एवढेच उत्तर देता, म्हणून हे पत्र. सावकाश, चष्मा लावून वाचावे आणि अक्काला मोठ्याने वाचून दाखवू नये.

तुम्ही प्रेमाने दिलेला फौजदार मजेत आहे. (होता, असे म्हणायची वेळ आली आहे, पण ते पुढे.) त्याचे नाव इथे कोणाला उच्चारता येत नाही. सगळे फौजी म्हणतात, आणि सी टॉवरमधल्या एका बाईंची तर अशी समजूत आहे की तो सैन्यातून निवृत्त झाला आहे. कारवानी कुत्रा असाच असतो, पोट पाठीला लागलेले, पाय काठीसारखे, हे मी किती जणांना सांगू? लिफ्टमध्ये रोज कोणीतरी विचारतेच, "अंकल, इसे खिलाते नहीं क्या?" त्याचा तो लांब जबडा आणि दूरवर लागलेली नजर पाहिली की मला शाळेतले दिवस आठवतात. कांबळे मास्तर टेबलावर ताल धरून वृत्ते म्हणून घेत, आणि खिडकीबाहेर एक असाच कुत्रा बसून ऐकत असे. मला वाटते, आमच्या वर्गात वृत्त फक्त त्यालाच कळत होते.

तर झाले असे. आमच्या मराठी मंडळात दर वर्षी ज्येष्ठांची वादविवाद स्पर्धा असते. विषय नेहमी "एकत्र कुटुंब हवे की नको" असाच असतो आणि सगळ्यांच्या सुना समोर बसलेल्या असल्यामुळे सगळे एकाच बाजूने बोलतात. यंदा मंडळाच्या इंदुमतीबाईंनी इंटरनेटवरून नवा विषय काढला: "कुत्रे अंगावर सोडून प्राण्यांची शिकार करणे कायदेशीर असावे का?" आता आपल्याकडे शिकारीला बंदी येऊन पन्नास वर्षे झाली. नोएडात शिकार करायची तर कशाची, दुपारच्या डिलिव्हरीवाल्यांची? पण बाई म्हणाल्या, विलायतेत यावर अजून भांडणे चालू आहेत, आपण मागे का राहायचे? चिठ्ठ्या टाकल्या. मला आली "बाजूने". विरोधात हेरंबराव, ज्यांची मुलगी विलायतेत असते आणि ज्यांचे प्रत्येक भाषण तिच्या घरच्या हीटिंगपासून सुरू होते.

दाजी, मी रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस, त्यातले पहिलेच शील जीवहत्या न करण्याचे. पण मास्तरांची शिकवण अशी होती की जी चिठ्ठी आली ती बाजू आपली, तिच्यात जीव ओतायचा, नाहीतर व्यासपीठावर चढायचे नाही. हेरंबराव आधी बोलले. लाल कोट, घोडे, चाळीस कुत्रे आणि एक कोल्हा. तिकडे वीस वर्षांपूर्वी कायद्याने बंदी आली, तरी लोक कोल्ह्याच्या वासाची चिंधी ओढत नेतात आणि तिच्यामागे कुत्रे पळवतात, वाटेत खरा कोल्हा निघाला तर नाइलाज. हे त्यांनी बरे सांगितले. मग बारा मिनिटे हीटिंग.

मी उठलो. सुरुवात मी माझ्या आबांच्या काळापासून केली. देशमुख घोड्यावरून शिकारीला गेला की ते शौर्य, त्याचा फोटो दिवाणखान्यात. आपला माणूस एक कुत्रा घेऊन माळावर गेला आणि पोरांच्या ताटात वर्षातून दोनदा मटण आले, की ती चोरी. कायदा करणाऱ्याने कधी उपाशी पोराच्या ताटाकडे पाहिले होते का? (हे मात्र मी चिठ्ठीमुळे बोललो नाही, दाजी. तुम्हाला माहीत आहे.)  तिथे मी थांबायला हवे होते. पण समोर माणसे इतकी छान गप्प बसली होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमचा माळ, उन्हात चमकणारे कुसळीचे गवत. मग मी फौजदाराला आणले. शिकारीवर बोलायचे तर शार्दूलविक्रीडितच शोभते, म्हणून आदल्या दिवशी रचलेली ओळ हात वर करून म्हटली:

धावे बाण जसा सुटे धनुतुनी, मागे न पाहे कधी!

आणि सांगितले की या कुत्र्याने एका हिवाळ्यात नऊ ससे मारले. नऊ का? आठ म्हणताना तोंड नीट भरत नव्हते. पहिले बक्षीस मिळाले. स्टीलचा मोठा डबा आहे, सूनबाई प्राचीने त्यात रवा भरला.

दुसऱ्या दिवशी इंदुमतीबाईंनी माझे भाषण सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, खाली हिंदीत सारांश. सारांशात माझे आबा नाहीत, देशमुख नाही, वृत्त नाही. फक्त "नौ खरगोश". आणि दाजी, पहिल्या मजल्यावर याच इंदुमतीबाईंच्या नातीचा पांढरा ससा आहे. काल टाळ्या वाजवणाऱ्या बाई आज लेखी तक्रार घेऊन सेक्रेटरीकडे. सेक्रेटरींनी मला बोलावून व्हिडिओ दाखवला (माझा हात छान उठला होता) आणि म्हणाले, "अंकलजी, आपने तो खुद ही बोल दिया." मी चिठ्ठीची पद्धत समजावली. मी बाजूने बोललो म्हणजे बाजूचा आहे असे नव्हे, हे मी तीन वेळा सांगितले. त्यांनी तीन वेळा "बिल्कुल, बिल्कुल" म्हटले आणि नोटीस हातात दिली. येत्या रविवारच्या सभेत कुत्रा निरुपद्रवी असल्याचा पुरावा द्या, नाहीतर त्याला गावी पाठवा.

घरात तर बोलायलाच नको. संघपाल म्हणतो, बाबा, ससा मारणे हा गुन्हा आहे आणि तुम्ही नऊ गुन्ह्यांची कॅमेऱ्यासमोर कबुली दिलीत. त्यातले आठ तरी मागे घ्या. प्राची पोळ्या लाटता लाटता एवढेच म्हणाली, "सकाळी पहिले शील म्हणायचे आणि संध्याकाळी नऊ ससे मारायचे, बाबा, तुम्हाला वेळ कसा पुरतो?" नात लुंबिनी दोन दिवस जेवली नाही. ती शाळेतून आल्याशिवाय फौजदार पाण्याला तोंड लावत नाही, आणि तो गेला तर मीही गावी जातो असे मी रागात बोलून बसलो. त्यावर संघपाल लगेच गाड्यांच्या वेळा पाहू लागला, हे मला जरा लागले.

आता खरे काय ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या तुरीत तो ससा उठला तेव्हा फौजदार बाणासारखाच धावला आणि त्याने मागे पाहिले नाही, यात माझी ओळ अक्षरशः खरी आहे. फक्त ससा मागे होता. फौजदार थेट तुमच्या बाजेखाली जाऊन बसला, आणि "हा तुम्हीच घेऊन जा, याचा इथे उपयोग नाही" असे तुम्ही त्याच दिवशी म्हणालात. परवा इंदुमतीबाईंचा ससा पिंजऱ्यातून खाली आणला होता, तर हा लिफ्टच्या बाहेर यायला तयार नाही. लोक वर-खाली जात राहिले, आणि तोही.

असो. बाकी सर्व क्षेम. अक्कास नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
काशीनाथ

ता. क. पत्र सहज लिहिले. तरी तुम्ही माजी पोलीस पाटील, तुमच्या सहीला वजन आहे. एका कागदावर लिहून द्यावे की सदर कुत्रा माझ्या डोळ्यांदेखत सशाला घाबरून पळाला व त्याने आजवर एकही प्राणी मारलेला नाही. सही, तारीख, जमल्यास अंगठ्याएवढा शिक्का. नातवाकडून मोबाइलवर फोटो पाठवावा, रविवारच्या आत.

ता. क. २. त्या दिवशी तुरीतून सर्वांत आधी कोण पळाले ते तुमच्या लक्षात असेल. मला ते रानडुक्कर वाटले होते, म्हणून बाज गाठली. त्याचा उल्लेख प्रमाणपत्रात नको.

ता. क. ३. पाकीट बंद करणार एवढ्यात लुंबिनी जिन्यातून बातमी घेऊन आली. इंदुमतीबाईंनी कुठेतरी वाचले आहे की भित्रा कुत्रा आधी चावतो. म्हणजे नुसता भित्रा लिहून भागणार नाही, तो मालकाच्या आज्ञेतला आहे असे दिसले पाहिजे. तेव्हा वरचे रद्द समजावे आणि घडले तसेच लिहावे: आधी आमचे मेहुणे काशीनाथ पळाले, आणि कुत्रा त्यांच्या मागोमाग, त्यांना सोडून कुठेही न जाता. सभेत मी स्वतः वाचून दाखवीन.