एकशेशहाऐंशी मीटर हवा

५ ऑक्टोबर २००६, सोनाळा
सकाळी एसटीने पोचलो. लेसरने अंतर मोजणाऱ्या यंत्राची पेटी टपावर दिली नाही, मांडीवर आणली. तलावाची भिंत सरकते का, ते दोन मिलिमीटरच्या आत मोजायचे. पाटबंधारे खात्यातले डिग्रीवाले साहेब हसले होते, म्हणे उन्हाच्या हवेत हे जमत नाही. मी दहावी नापास, पण हे यंत्र स्वतः उघडून शिकलेला माणूस. अकरा दिवसांची अखंड नोंद दिली की कायमचे काम. एक दिवस चुकला की घरी.
खोली झकास. ओसरीसमोर खांब, त्यावर यंत्र. पलीकडे भिंतीवर प्रिझम, म्हणजे लेसर परत धाडणारी काच. मधे शेजारच्या शेतकरीण केसरबाईंची कपाशी. अंतर १८६.४१२ मीटर.

६ ऑक्टोबर
दुपारी शेतावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते, आकडा नाचतो. म्हणून पहाट धरली. शंभर वाचने घ्यायची, फटकून असेल ते लाल शाईने खोडायचे, बाकीची सरासरी. आज एकच खोडले : १७९. पान आडवे आले असणार.
केसरबाईंनी महागाचे बीटी बियाणे दोरी धरून टोकले, तरी प्रत्येक ओळ मधोमध हातभर वाकडी. असली कुचराई मला खपत नाही.

९ ऑक्टोबर
रोज एक खोडावे लागते. १७४. १७१. आज १६६. वाऱ्याचा बंदोबस्त केलाच. तुषार संच भाड्याने देणारे सईदभाई, त्यांचे सहा मीटरचे एकतीस पाइप खुंट्यांवर एका सरळ रेषेत मांडले. लेसर आता पाइपातून जाणार. सईदभाई म्हणाले, "मास्तर, एवढी सरळ लाईन अन् पाणीच नाही! कपाशीले हवा पाजता काय?" सगळे हसले. मीही.

१२ ऑक्टोबर
नव्व्याण्णव वाचने दगडासारखी स्थिर. असे काम जिल्ह्यात कोणी केले नसेल. एक मात्र रोज खोडावेच लागते : १५१, १३६, आज ११८. पाइपाच्या आत पान कुठले? आरपार पाहिले, मोकळा होता.
केसरबाई बोंडे वेचून राहिल्या होत्या. यंदा निम्मीच भरलीत. पाइप पाहून ओटीतला कापूस खाली सांडला. म्हणाल्या, "मधात वाकडं काऊन नाही ठेवलं हो भाऊ? सरळ वाट भेटली का ते चालत येते." काय येते, ते विचारले. त्या कापूस तसाच टाकून गेल्या.

१३ ऑक्टोबर
आज ७१.
खोडलेले सगळे आकडे एका कागदावर उतरवले. १७९, १७४, १७१, १६६. मग पाइप. मग १५१, १३६. मग ११८. मग ७१. चूक असती तर आकडा कमीजास्त झाला असता. हे फक्त जवळ येते आहे.
हवा रेघ हलवत होती, म्हणून त्याला वाट सापडत नव्हती. ती मी करून दिली.

१४ ऑक्टोबर
सईदभाईंनी आणि मी पाइप उपसले. उपयोग नाही. शंभरातली चाळीस वाचने ३३. यंत्र डोंगराकडे वळवले — तरी ३३. म्हणजे ते रेघेवर नाही, माझ्या रोखाने —
सईदभाई म्हणाले, "चाला मास्तर, जीप उभी हाय. काम गेलं चुलीत." मी म्हटले, एकच दिवस राहिला. साहेब म्हणतील, पळाला. सईदभाईंनी जीपमधून दोनदा हॉर्न वाजवला. मग गेले.

१५ ऑक्टोबर, पहाट
अकरावा दिवस. नोंद पुरी करणार.
वारा नाही. कपाशीचे पानही हलत नाही. समोर कोणी नाही, काच स्पष्ट दिसते.
१४.
शंभरच्या शंभर तेच. खोडायला एकही —
९.
सरासरी कशाची काढू
३.२
१.८
पडदा कोरा. बॅटरी भरलेली आहे. दीड मीटरच्या आत हे यंत्र मोजत नाही, म्हणजे —