उभ्या चौकटीत सुनंदा मावशी

८ फेब्रु., रविवार

हा फोटो उभा लावावा की आडवा? सकाळपासून डोकं खातोय. फोनने काढला तसा तो आडवा आहे, ४:३. आमचा ओटा, जीन्सचा ढीग, आई, शेजारची सुनंदा मावशी, गल्लीतली रेश्मा भाभी, तिचं मांडीवरचं बाळ. सगळ्या धागे कापतायत. पण माझ्या पेजवर आडवा टाकला की पट्टीएवढा होतो, माणसं मुंगीएवढी. अंबरनाथच्या फोटो-वर्गातले सर म्हणतात, उभा ४:५ ठेवा, मोबाइल भरतो, बघणाऱ्याचा अंगठा थांबतो.

अंगठा थांबायलाच हवा. कारखान्यातून जीन्स येते, आमच्या गल्लीत तिचे लोंबते धागे कापले जातात, मग ती दुकानात लागते. विकत घेणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. कोणीतरी दाखवलं पाहिजे.

९ फेब्रु., सोम.

उभा केला. आई डावीकडून गेली, भाभी उजवीकडून. मध्ये सु. मावशी एकटी. वाकलेली, पदर तोंडाला, समोर ढीग. खाली लिहिलं, ‘तुमच्या जीन्समागचं दुःख.’ टाकला.

मावशी तेव्हा हसत होती. आई आम्हाला माल देणाऱ्या सिंधी शेठची, साईंची, नक्कल करत होती. जीन्सचा पाय मफलरसारखा गळ्यात, पोट पुढे, “बहनजी, शाम तक माल देना, फिर बहाना नहीं.” मावशीला हसू आवरेना, म्हणून वाकली.

पण वाकून वाकून तिची पाठ दुखतेच की. मग यात खोटं काय?

११ फेब्रु.

फोटो खूप फिरतोय. ओळख ना पाळख, लोक रडके चेहरे टाकतायत. एकाने लिहिलं, ‘या माउलीचे अश्रू झोपू देणार नाहीत.’ कॉलेजच्या मॅडमनी स्टेटसला ठेवला. सरांचा फोन आला, वर्गाच्या प्रदर्शनात हाच पहिला लावणार. अश्रू नाहीत सर, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं ‘थँक यू सर’.

आईला दाखवला. चष्मा लावून बघितलं. “मी कुठाय?” मग मावशीवर बोट ठेवून, “आणि ही रडते का?”

म्हटलं, आई, त्याला फ्रेमिंग म्हणतात. आई भाकऱ्या करायला गेली. घरात मी एकटीच पदवीवाली. माझ्याशी वाद घालायचा नाही, असं आईपप्पांनी बहुतेक ठरवूनच टाकलंय. आज त्याची लाज वाटली. पण फोटो पेजवरून काढला नाही.

१४ फेब्रु., शनि.

मावशीचा भाऊ आला, तिच्या माहेरच्या जांभूळ गावाहून. टेम्पोतून तांदळाची गोण, पावटे, तेलाचा डबा. सगळं गल्लीसमोर उतरवलं. त्याच्या पोरांनी त्याला फोटो दाखवला होता.

“ताई, इतकं झालं, आम्हाला सांगायचं नाय?” ओट्यावरच डोळे भरले त्याचे.

मावशीला कळेना. त्याने फोन पुढे केला. तिने बघितला. मग वर मान करून माझ्याकडे. मी आमच्या दारात उभी होते.

मावशीने भावाला चहा दिला आणि “तेव्हा मी हसत होते रे,” असं त्याला समजावत राहिली. तो “हो, हो” म्हणत होता. आजाऱ्याला म्हणतात तसं.

मावशी माहेरी रिकाम्या हाताने कधी गेली नाही. भाऊबीजेला भावालाच कपडे घेऊन जाते. वहिनीला, पोरांना सगळ्यांना. आणि आता ती गोण…

१५ फेब्रु.

मावशी ओट्यावर आली नाही. आपल्या वाटचा माल आत नेऊन दार लोटून कापत बसली. भाभी मला म्हणाली, “बहुत बड़ी फोटोग्राफर बन गई तू तो.” आई एवढंच म्हणाली, जा.

गेले. चुकलं म्हटलं. आत्ता काढून टाकते म्हटलं.

“काढ नाहीतर ठेव. जांभूळला सगळ्यांनी बघून झालाय. भाच्याच्या हळदीला गेले तर बाया वाढताना पण माझ्याकडे तसंच बघतील.”

हळदीला जाणारच नाही म्हणाली. भावाला सांगेन, माल जास्त आलाय.

मी उठले, तर मागून म्हणाली, “हसणारी मावशी चालली नसती का गं तुला?”

 

१७ फेब्रु., मंगळ.

पेजवरून काढला. पण लोकांनी उचललेला फिरतोच आहे, तो माझ्या हातात नाही. मग पूर्ण आडवा टाकला, वर-खाली पांढरे पट्टे सोडून, कुठूनही कापला जाणार नाही असा. खाली लिहिलं की मावशी रडत नाही, हसते आहे, आजूबाजूचं मी कापलं होतं. कोणी फारसं थांबलं नाही. एकाने लिहिलं, पहिलावालाच भारी होता.

सरांना फोन केला, प्रदर्शनातून काढा. म्हणाले, “तू भावनेच्या भरात आहेस. काय ठेवायचं, काय सोडायचं, हेच तर फोटोग्राफी.” बरोबर असेल. पण मावशीला कोणी विचारलं नव्हतं. शेवटी सर बरं म्हणाले, तुटकपणे.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते. उभा करताना चौकट बोटाने सरकवता येते. मी सरकवून बघितली होती. थोडी डावीकडे नेली की आईचं गळ्यातल्या जीन्ससकट अर्धं अंग येत होतं. जागा होती. पण आई आली की दुःख जात होतं. म्हणून पुन्हा मध्ये आणली.

म्हणजे ४:५ ने काही केलं नाही. मी केलं.

२० फेब्रु., शुक्र.

स्टेशनजवळच्या स्टुडिओत आडव्या फोटोची प्रिंट काढली. काउंटरवरचे काका म्हणाले, “चार बाय सहा मत लो, किनारे कट जाएंगे. छह बाय आठ में पूरा आएगा.” तोच घेतला. बदलापूरला उतरून रिक्षाने जांभूळ.

मावशीच्या भावाच्या दारात मांडवाचे बांबू उभे होते. हळद रविवारी. फोटो त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, दादा, मावशी हसत होती, मी बाकीच्यांना कापलं. पाठ केलं होतं ते सगळं विसरले. एवढंच आलं.

वहिनीने फोटो घेतला. “गळ्यात पँट घातलेली ही कोण?” माझी आई. वहिनी हसायला लागली. नंतर फोटोतल्या मावशीकडे बघून म्हणाली, ती हसली की अशीच दडते, आमच्या लग्नातपण अशीच होती.

दादा हसला नाही. “म्हंजे मी गल्लीसमोर तांदूळ उतरवला, तो…” आणि मांडववाल्याकडे गेला. आता त्यालाही मान खाली घालायला मीच लावली.

परत येताना डोक्यात आलं, हेही मावशीला न विचारताच केलं. म्हणून घरी न जाता आधी तिचं दार वाजवलं. जांभूळला गेले होते ते सांगितलं. बोटाने चौकट सरकवली होती, तेही. आईचं अर्धं अंग येत होतं, तेही.

मावशी धागे कापत राहिली. मान वर न करता म्हणाली, “भावाचं तोंड कसं झालं गं?”

जसं झालं होतं तसं सांगितलं.