चेंग होचं ताट

२ जानेवारी, सकाळी ६.१०
वजन ८१. काटा बिघडलेला असणार. पाच एप्रिलला, कबरी झाडायच्या सणाला, चेंग होकडे सायकलनेच जायचं. बारा किलोमीटर, शेवटी चढ. सदतीस वर्षं दर रविवारी आम्ही दोघं त्या रस्त्याने जायचो. आता तो वरच राहतो, एवढाच फरक. दहा किलो उतरवणार. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिस्त लावली आहे, ती काय उगाच?

३ जानेवारी
फाटकापर्यंत गेले. पोट आणि हँडल यांचं पटेना. सीट कुणीतरी खाली केली आहे.

२१ जानेवारी
नाश्ता बंद, फक्त काळी कॉफी. तरी ८२! (देव्हाऱ्यात त्याच्या फोटोपुढचा टोस्ट खाल्ला, पण तो त्याचा. वाढलेलं टाकायचं नसतं.)

११ फेब्रुवारी
चिनी नव्या वर्षाला सिऊ लिंग क्वालालंपूरहून आली. फोटोपुढे ताट ठेवलं, दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा, म्हणजे त्याचं जेवण झालं. मग मी बसले. लेक म्हणते, “मम्मी, तू दोघांचं जेवतेस!” म्हटलं, माझा फक्त उकडलेला कोबी. “हो, आणि वर पप्पांचं डुकराचं मांस, भात, केळ्याची भजी. लोक शंभर दिवसांनी ताट बंद करतात गं. दोन वर्षं झाली. पप्पा जिवंतपणी तरी एवढं जेवायचे का?”
आगाऊ कार्टी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना वळण लावलं, घरची राहिली.

२ मार्च
शेजारचा आह सेंग सोबत आला. वय चौऱ्याहत्तर, अंगावर मांस नाही, जिभेला हाड नाही. पुढे जाऊन ओरडला, “टीचर, सायकल चालवायला आणलीत की फिरवायला?” मी उतरून टायर तपासत होते. दम लागला नव्हता. ८३.

२९ मार्च
ठरलं. आजपासून त्याचं ताट बंद.
दुपारी एकटीने कोबी खाल्ला. हे घड्याळ एवढं वाजतं?
संध्याकाळी त्याला नुसतं सूप दिलं. आणि मासा. नुसतं सूप कोण वाढतं?

५ एप्रिल
सायकलमध्ये हवा नव्हती. सिऊ लिंगच्या गाडीने गेलो. गवत उपटलं, त्याच्या आवडीच्या कोळंबीच्या शेवया मांडल्या. लेक म्हणाली, “त्यांनाच विचार ना, घरचं ताट बंद करू का म्हणून.” विचारलं. नाणी टाकली. एक छापा, एक काटा. हो.
एक नाणं दगडाला लागलं होतं. पुन्हा टाकली. हो. तिसऱ्यांदाही हो. हा माणूस एवढ्या पटकन कधीच कशाला हो म्हणाला नाही.
सिऊ लिंग हळूच म्हणाली, “मम्मी, पुरे.” डोळे पुसत होती. उदबत्तीचा धूर.
चौथ्यांदा दोन्ही छापे. बघ, म्हटलं, नको म्हणतोय.
वजन केलं नाही. घरी येऊन भात टाकला. दोघांचा.