जावई पाटीवर

लालबाग, मुंबई
ता. ३ डिसेंबर १८९३

चिरंजीव रघूस गणपत महादेव याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. मेलबर्नात डिसेंबरात उकडते हे तुझ्या आईला पटलेले नाही. तिला वाटते तुला ताप आहे आणि तू तो लपवतो आहेस. इकडे पाठवायचे घोडे बोटीवर चढवताना त्यांच्या मागे उभा राहू नकोस, असे तिने तीनदा लिहायला सांगितले आहे.

आता कामाचे. हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी गिरगावकरांशी आपल्या आट्यापाट्या आहेत, आणि या खेपेस जिंकणाऱ्या वस्तीचे निशाण आणायचेच. गिरणीचे मालक पावसाळ्यानंतर मैदानाला कुंपण घालून तिथे कापसाचे गोदाम बांधणार म्हणतात, तेव्हा ही शेवटचीच खेप. ते लाल निशाण आपल्या चाळीच्या दारावर एकदा तरी पाहावे आणि मग डोळे मिटावेत, असे मी परवा म्हणालो. त्यावर तुझी आई म्हणाली की, डोळे मिटण्याआधी मिठाचे मडके भरून ठेवा, ते रिकामे झाले आहे.

नऊ गडी जमवायला बसलो आहे. दगडू आणि आनंदा आहेतच. चंदूला मात्र काढला. तुझा चुलत भाऊ खरा, पण लग्न झाल्यापासून बायको त्याला असे काही जेवू घालते की तो पाटीवर उभा राहिला की पाटी दिसेनाशी होते. त्याने तोंड पाडले. मी स्पष्ट सांगितले की निशाण नात्यागोत्याने येत नसते.

खरा गडी एकच, आणि तो गिरगावकरांकडे आहे. हरेश्वर नाव. गेल्या साली याच पोराने आपल्या नऊच्या नऊ पाट्या ओलांडल्या आणि परत येऊन वर हसला. पाय कसले आहेत म्हणून सांगू. एका पायाने डावीकडे जातोसे दाखवतो आणि दुसऱ्याने उजवीकडून निघून जातो, मारणाऱ्याचा हात हवेत. चिंचपोकळीच्या गिरणीत फिटर आहे. बाप नाही, आई काशीबाईसह गिरगावात मामाकडे राहतो. आपला नियम तुला ठाऊकच आहे, ज्याची चूल ज्या वस्तीत, त्याचा खेळ त्या वस्तीकडून. आपल्या शेजारची खोली रिकामी आहे, चिंचपोकळी इथून हाकेच्या अंतरावर, आणि पोरगा बिनलग्नाचा आहे. आपल्या शेवंतेचे लग्न यंदा करायचेच आहे. ध्यानात आले ना? गिरगावकरांना कळायच्या आत बोलणी करतो.

प्रकृतीस जपावे. आहे हा लोभ समुद्राच्या पाण्याने पातळ होऊ देऊ नये.

तुझा
बाबा

मेलबर्न
ता. १ जानेवारी १८९४

तीर्थरूप बाबांचे चरणी रघूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मला ताप नाही, इथे खरेच उकडते. आईला सांगावे की घोड्यांच्या मागे मी उभा राहत नाही. मी फक्त त्यांची मोजदाद करतो, आणि तीही लांबून.

तुमचे पत्र वाचून हसू आले, कारण अगदी हीच चर्चा मी इथे रोज संध्याकाळी ऐकतो. आमच्या तबेल्यासमोर मर्फी नावाचा खोगिरे शिवणारा म्हातारा आहे. त्याच्या दुकानात वस्तीतली मंडळी खोगिरांवर बसून यंदाच्या फुटबॉलचे वीस गडी निवडतात. खेळ सुरू व्हायला मे महिना उजाडेल. पण खाणींच्या गावाहून कोणाला आणायचे, कोणाचा गुडघा गेला, कोणाला आता घरी बसवायचे, यावर आतापासून भांडणे. यातला एकही जण स्वतः खेळत नाही, हे सांगायला नको. खेळ मोठा अजब आहे. चेंडू अंड्यासारखा, तो हाताने धरायचा आणि लाथेने उडवायचा, आणि वरून येणारा चेंडू झेलायला पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकून चढायचे. एकदा पाहिलेत तर तुम्ही गिरणीची नोकरी सोडाल.

मी खडूने फरशीवर नऊ पाट्या काढून त्यांना आपला खेळ समजावला. प्रत्येक पाटीवर एकेक जण उभा राहतो, त्याने पाटी सोडायची नाही, आणि समोरच्याने थाप न खाता सगळ्या ओलांडून परत यायचे. मर्फीने बराच वेळ पाहून विचारले की यात चेंडू कुठे आहे. नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली.

पण बाबा, एक गोष्ट मनावर घ्या. गेल्या साली या मंडळींनी नदीपलीकडच्या संघाचा उत्तम गडी फोडून आणला. त्याला दारूच्या भट्टीत काम दिले, मर्फीच्या माडीवर खोली दिली. पोराची आई मात्र पलीकडेच राहिली, आणि दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जाई. जुन्या संघाशी सामना आला तेव्हा त्याचे पाय बांधल्यासारखे झाले. यंदा तो परत गेला. मर्फी म्हणतो, गडी घेताना तो धावतो कसा हे नंतर पाहावे, आधी जेवतो कुठे ते पाहावे.

आणि दुसरे. तुम्ही त्या हरेश्वराच्या पायांवर पानभर लिहिले आहे आणि शेवंतेवर दोन ओळी. लग्न पायांशी लागत नाही. तो रागीट आहे का, पितो का, आईशी कसा बोलतो, शेवंतेचे काय म्हणणे आहे, हे काहीच नाही. मला एकच बहीण आहे. लग्नात नवऱ्याचा कान पिळायला मी तिथे नसणार याचे मला फार वाईट वाटते. तेवढा एक मान भावाचा असतो, तोही गेला.

आईस नमस्कार. रागावलात तरी पत्र बंद करू नये.

आपला
रघू

लालबाग
ता. १९ फेब्रुवारी १८९४

चिरंजीव रघूस आशीर्वाद. वि. वि.

तुझे शहाणपण पोचले, पण ते पोचले तेव्हा दारात मांडव उभा होता. वसंत पंचमीच्या मुहूर्तावर शेवंतेचे लग्न झाले. तिला विचारले नाही असे मात्र समजू नकोस. तुझ्या आईने विचारले. शेवंता म्हणाली की गेल्या साली त्याला खेळताना पाहिले आहे, दगडू पडला तेव्हा सगळे ओरडत होते आणि यानेच थांबून त्याला हात दिला, तेव्हा चालेल. आम्ही सगळे तिथे होतो, पण मला ते दिसले नव्हते. मी पाय पाहत होतो.

लग्न छान झाले. तुझ्या जागी चंदूने कान पिळला. पाट्यांतून काढल्याचा सगळा राग त्याने त्या कानावर काढला. जावयाचे बाशिंग कलले, डोळ्यांत पाणी आले, आणि शेला हातात पडेपर्यंत चंदूने कान सोडला नाही. हरेश्वरराव बिचारे हसत राहिले. पोरगा गुणी आहे, हे मान्य.

आता पुढचे ऐक, आणि तुझ्या मर्फीला सांगू नकोस. मी शेजारची खोली घासूनपुसून ठेवली होती, चूलही नवी घातली होती. विहीणबाईंना मोठ्या हौसेने दाखवली. काशीबाईंनी दारातूनच पाहिली आणि विचारले की, सासऱ्याच्या भिंतीला भिंत लावून राहायला माझा मुलगा काय घरजावई आहे? रघू, खरे सांगतो, पायांच्या नादात ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. उद्या तुला कोणी सासऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवले असते तर मीच काठी घेऊन निघालो असतो. म्हणजे लेक गिरगावात गेली, चूल गिरगावात, आणि गडीही गिरगावकरांचाच राहिला.

इतक्यावर भागते तर बरे. काल सरावाला गिरगावकरांना बोलावले होते. जावई पाट्यांत शिरले आणि आपल्या चाळीचे हातपायच गळाले. पहिल्या पाटीवरच्या आनंदाने थाप मारायला हात उचलला आणि तसाच जोडून नमस्कार केला. दगडू तर बाजूला सरून, या, म्हणाला. मी बाहेरून ओरडलो की मारा, तर सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की मीच ओशाळलो. चाळीच्या जावयावर हात कोण उचलणार? मांडवात मी स्वतः त्याचे पाय धुतले आहेत, त्याच पायांमागे आता कोणाला सोडू? पूर्वी तो निदान परका होता. तुझी आई कालपासून पदर तोंडाला लावून हसते आहे. हनुमान जयंती दोन महिन्यांवर आली आणि मैदानाच्या कडेला कुंपणाचे खांब येऊन पडले आहेत. मला काही सुचत नाही.

थट्टा करायची तर कर, पण उपायही लिही.

बाबा

मेलबर्न
ता. १६ मार्च १८९४

तीर्थरूप बाबांचे चरणी रघूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

थट्टा करणार नव्हतो, पण आनंदाच्या नमस्कारापाशी आलो आणि खोगिरावरून पडायचा राहिलो. मर्फीला सांगितले नाही असे म्हणवत नाही. सगळ्या दुकानाला सांगितले. त्यांना जावई हे प्रकरण समजायला दोन संध्याकाळी लागल्या.

बाबा, तुम्ही सगळ्या बाजूंनी विचार केलात, पण तुमच्याच पत्रातली गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. जावयावर सासरचा कोणीही हात उचलू शकत नाही, हे खरे. पण मुलीचा भाऊ उचलतो. देवाब्राह्मणांसमोर, वाजतगाजत उचलतो, आणि वर शेला घेतो. तो हक्क माझा होता. मी इथे अडकलो, म्हणून तुम्ही तो चंदूला दिलात. आता साऱ्या लालबागेत हरेश्वररावांना हात लावायचा ज्याला मान आहे असा माणूस एकच, आणि त्याला तुम्ही जाडा म्हणून घरी बसवला आहे.

चंदूला शेवटच्या पाटीवर उभा करा. तिथे धावायचे नसते, उभे राहायचे असते. पाटी दिसत नाही म्हणता ना, मग ओलांडणार कुठून? इथली मंडळीही नवा गडी आणण्याच्या नादात हेच करतात. जुना कुठे उभा केला तर चालेल, हे कोणी बघत नाही.

मात्र जावई गुणी आहे असे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेत, याने मला निशाणापेक्षा जास्त बरे वाटले. शेवंतेला पत्र लिहायला सांगावे. लिहायला शिकवली ती विसरण्यासाठी नव्हे.

चंदूला माझ्या वतीने दोन लाडू जास्त द्यावे. ममता आहे तशीच राहू द्यावी.

आपला
रघू

गिरगाव
ता. २४ एप्रिल १८९४

तीर्थस्वरूप दादास शेवंतेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

लिहायला विसरले नाही, वेळ मिळत नव्हता. इथे सगळे ठीक आहे. सासूबाई बोलायला तिखट आहेत, पण स्वतः जेवायला बसण्याआधी माझे पान वाढलेले आहे का ते बघतात. पहिल्याच आठवड्यात मी आमटी खारट केली. त्या म्हणाल्या की लालबागकरांना मीठ स्वस्त दिसते.

परवाच्या रविवारचे सांगते. मी गिरगावच्या बायकांत दोरीच्या या बाजूला उभी होते, आई पलीकडच्या बाजूला. दोघी एकमेकींकडे पाहत होतो आणि ओरडता कोणालाच येत नव्हते. दोन्ही बाजू अगदी बरोबरीला येऊन ठेपल्या आणि हे शेवटचे पाट्यांत शिरले. आनंदाकाकांनी हात उचलला, पण मारला नाही. दगडूकाकांनी तर डोळेच मिटले. हे एकेक पाटी अशी ओलांडत गेले की माझ्या शेजारच्या बायका टाळ्या पिटू लागल्या. बाबा उन्हात मैदानाच्या टोकाशी उभे होते आणि टोपीने वारा घेत होते. त्यांचे तोंड मला पाहवेना.

शेवटच्या पाटीवर चंदूदादा. त्याने दोन्ही हात पसरले होते आणि कुठेच फट नव्हती. हे समोर आले, डावीकडचे दाखवले, उजवीकडे निघाले, आणि चंदूदादाचा हात वर आलेला पाहताच यांचा स्वतःचा हात चटकन कानावर गेला. दादा, शपथेवर सांगते, कान झाकून उभे राहिले. तेवढ्यात पाठीत थाप बसली, ती आम्हाला दोरीपर्यंत ऐकू आली. पहिली हसले ती मी, आणि माझ्यामागून सासूबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून मला बोलणी बसली नाहीत.

चाळकऱ्यांनी चंदूदादाला उचलायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. मग त्यांनी निशाणच त्याच्या खांद्यावर दिले. मला वाटले होते बाबा सगळ्यांच्या पुढे नाचतील. ते त्या गर्दीत गेलेच नाहीत. मैदान ओलांडून सरळ आम्हा बायकांच्या बाजूला आले, सासूबाईंना नमस्कार केला आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. लाल निशाण त्यांच्या पाठीमागून चालले होते, पण त्यांनी वळून पाहिले नाही. टोपी हातात चुरगळत हळूच म्हणाले की, पोरी, तुझा नवरा मी नुसत्या पायांवरून निवडला, रघूने लिहिले तेव्हापासून मला धड झोप नाही. माणूस कसा निघाला ते तू एकदा खरे सांग.

मी बाबांना असे कधी पाहिले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि हसूही येत होते. यांनी कानावरचा हात अजून पुरता खाली घेतला नव्हता, ते लांबून आमच्याकडेच पाहत होते. मी सांगितले, बाबा, पाय चांगलेच निवडलेत. गिरणी सुटली की ते सरळ घरी येतात.

यांचा तुला निरोप आहे. मुंबईस याल तेव्हा सगळे घेऊन या, कान पिळायचा हक्क तेवढा तिकडेच ठेवा. माझ्यावरची माया मात्र बरोबर आण, ती ठेवून येऊ नकोस.

तुझी
शेवंता